माफीच्या अर्जावरचं नाव

मी अन् बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बियाण्याच्या शेंगा फोडल्या. ती दोन फोडायची तवर मी एक, अन् तीबी दाणा चिरडून. माझा हात फोडायला नेमका एकदाच चालला, तो चुलतभावाच्या पायावर. त्यानं बांध कोरला म्हणून मी कुऱ्हाडीच्या दांड्यानं हाणलं. त्याची नडगी मोडली, मला पाच वर्षांची सजा झाली. तो लंगडत का होईना घरी राह्यला, मी धडधाकट जेलात.

तिला धाप लागायची म्हणून मी दुसऱ्यांदा पंधरा दिवसांच्या पॅरोलवर आल्तो. डॉक्टर म्हणला होता, फार दिवस धरू नका. शेंगा फोडल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला परत जेलात हजर व्हायचं होतं. ती जायच्या आत सुटायचं तर एकच वाट उरली होती, राज्यपालाकडं माफीचा अर्ज.

अर्ज एकदा झाल्ता. मी आत असताना ती एकटीच अंबडला तहसीलीपुढच्या अर्जनवीसाकडं गेल्ती. त्यानं कैद्याचं नाव इचारलं. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. ती म्हणली, आमच्या धाकट्या भावजींचे थोरले भाऊ, अन् भावजींचं नाव सांगितलं. अर्जनवीसाला जल्दी. त्यानं तेच नाव कैदी म्हणून लिहिलं, हिनं खाली अंगठा दिला. चार महिन्यांनी चौकशीला जमादार आला, तर माझा भाऊ तुरीत लपून बसला. जेलातून उत्तर गेलं, या नावाचा कैदी इथं न्हाई. म्हणजे तिथली भाकरी मी खात होतो अन् अर्जात मी नव्हतोच. गाव लई दिवस हसलं. मीबी तिला अडाणी म्हणून हसलो. मी कोण, तर चौथी नापास.

शेंगा फोडता फोडता ती म्हणली, "सकाळी अंबडला उतरा. चूक झाली म्हणून लिहून द्या."

"बांध त्यानं कोरला."

"बांध त्यानं कोरला. पाय तुम्ही मोडला."

"मान खाली घालून न्हाई यायचं मला घरी."

"मंग ताठ मानेनं माझ्या दहाव्याला या."

जरा वेळानं तिनं सूप बाजूला सारलं, डोक्यावर पदर घेतला अन् टरफलांकडं बघत माझं नाव घेतलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, उखाण्याबिगर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिला घाम फुटला.

"मी माझं मोडलं," म्हणली. "आता तुमचं तुम्ही बघा."

अशा वक्ताला माणसानं काहीतरी बोलावं. मी म्हणलो, शेंगा संपत आल्या. असला मी.

माफी मिळाली, राह्यलेली सजा सुटली. पण कागद जेलात पोचला तवर तिचा दहावा होऊन गेल्ता. पहिल्याच पॅरोलला लिहून दिलं असतं तर तिच्याजवळ बसलो असतो. पण तवा मला माझी मान सांभाळायची होती. तिला पाणी पाजायला माझा धाकटा भाऊ होता, ज्याला तिनं कागदावर जेलात धाडलं तोच.

शेंगा फोडल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी मी अंबडला उतरलो अन् तहसील उघडायच्या आधीच अर्जनवीसापुढं जाऊन बसलो. त्यानं कैद्याचं नाव इचारलं. तिनं घेतलं तसं, सावकाश, बापासकट सांगितलं. मंग म्हणलो, "लिहा, चूक माझी."

"अन् बांधाचं काय लिहू?"

"बांधाचं काही नका लिहू," म्हणलो, अन् सही केली.