अमडापूरच्या नर्सबाईंचं नरसाळं

आधीच सांगते — या ग्रुपवरचे पांढऱ्या साडीतल्या बायांचे किस्से मी जेवताना करमणूक म्हणून वाचते. विश्वास वगैरे शून्य. चिखलीत माझं प्रसूतीचं हॉस्पिटल आहे. पेशंटच्या खाटेला कुणी लिंबू-मिरची बांधली, तर मी ती स्वतः कचऱ्यात टाकते.

छंद एकच — जुनी वैद्यकीय उपकरणं जमवून नीट जपणं. लोकांना त्यांची कदर नसते. अमडापूरला एक नर्सबाई वारल्या. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं त्यांचं लाकडी नरसाळं मी आणायला गेले, तर लेकीने त्यात प्लास्टिकचे गुलाब खोचून शोकेसमध्ये मांडलेलं... धन्य! आणलं, घासून पुसून जवसाचं तेल लावलं, केबिनमध्ये ठेवलं.

त्याच आठवड्यात नवऱ्याची भाची प्रणाली रोहिणखेडहून तपासणीला आली. नववा लागलेला. सोनोग्राफी, बीपी, सगळं उत्तम. तिने नरसाळ्याची चौकशी केली, म्हणून गंमत म्हणून ते तिच्या पोटावर टेकवून कान लावला. भर दुपार, दार बंद, आम्ही दोघीच. ठोके छान येत होते. आणि त्या ठोक्यांच्या मधून, अगदी कानाशी, वयस्कर बाईचा आवाज आला. मी ताठ उभी राहिले. थकवा, दुसरं काय! चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

प्रणाली मात्र पांढरी पडली होती. "मामी, कोन बोल्लं?"

"कुणी नाही."

"'काढ लेकराले' म्हनलं ना..."

मी ऐकलेले शब्द हेच होते. मी ते उच्चारले नव्हते.

ती रडायला लागली. मला असल्या रडण्याचा तिटकारा आहे. गप्प बसावी म्हणून पोटाला बाळाच्या ठोक्यांचा मॉनिटर लावला. बराच वेळ सगळं नॉर्मल. पट्टे काढणार, तेवढ्यात ठोके घसरले... वर येईनात. पळतच ऑपरेशनला घेतली. नाळेला घट्ट गाठ बसलेली — आधीच्या कुठल्याच तपासणीत न दिसलेली. मुलगी वाचली. प्रणाली तशीच घरी गेली असती, तर बाळ वाचलं नसतं.

माझ्या सासरच्यांनी लगेच नरसाळ्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला. मी सगळ्यांना बाहेर काढून ते स्पिरिटने पुसलं. योगायोग म्हणा, भास म्हणा — पण दोघींना एकच भास, तोही शब्दन् शब्द सारखा? माझ्या एका मानसोपचारतज्ज्ञ मित्राने यावर जे स्पष्टीकरण दिलं, ते तुमच्या चिंचेवरच्या हडळीइतकंच फालतू होतं.

त्यानंतर ते नरसाळं मी कितीतरी पोटांवर टेकवलंय. ठोके येतात, बाकी काही नाही. तरी ठोके मोजून झाले, की मी कान लगेच उचलत नाही. थोडी थांबते... कशासाठी, ते मला विचारू नका.