धुरपताबाईंच्या बोटीचा भाव

धुरपताबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या बोटीच्या टोकावर पाय खाली सोडून बसल्या होत्या आणि मांडीवरच्या टोपलीतली लोकर निवडत होत्या. साठी ओलांडलेली बाई. हातात मेंढरांची लोकर आणि पायाखाली धरणाचं पाणी.

"जय भीम, गुरुजी," त्या आमच्या यांना म्हणाल्या. "चपला असू द्या पायात. देऊळ न्हाय ते."

आमचे हे, ज्ञानोबा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. थोरला संघपाल सात वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवतोय. धरणावर सहली येतात, रविवारी धाराशिवहून लोक लेकरंबाळं घेऊन येतात, त्यांना पाण्यातून फिरवायला स्वतःची बोट घ्यावी हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. धुरपताबाईंची बोट विकायची आहे असं कळलं आणि आम्ही तिघं बघायला गेलो.

बोट साधी नव्हती. वर पांढरी केबिन, आत समोरासमोर झोपायला दोन बाकडी, भांडी घासायला हाताएवढं बेसिन, खिडक्यांना धुतलेले पडदे. धरणाचं काम चालू होतं तेव्हा एका ठेकेदारानं ती साहेब लोकांना मिरवायला कोकणातून ट्रकवर घालून आणली होती. काम संपल्यावर परत न्यायचा खर्च परवडेना म्हणून विकायला काढली. धुरपताबाईंचे मालक रामलिंग तिची राखण करायचे. धनगराचं घर, रान धरणात गेलेलं, चराई बुडालेली. नवराबायकोनं चाळीस मेंढरं विकली आणि बोट घेतली.

"लोकं लई हसली," धुरपताबाई सांगत होत्या. "म्हनली, धनगरानं मेंढरं इकून जहाज घेतलं, आता कोकरं पोहायला शिकीव म्हनावं. पर एका पावसाळ्यात त्येच लोक मोटारसायकल घेऊन आमच्या बोटीत चढाय लागले."

रामलिंग गेल्यावर चार वर्षं त्यांनी एकटीनं बोट चालवली. या काठाची माणसं त्या काठाला न्यायची, शाळेच्या बाई, दुधाचे कॅन, एकदा तर अडलेली शेळी. संघपालनं विचारलं, "भीती नाही वाटायची?" त्यावर म्हणाल्या, "पाणी म्हंजी मेंढरच हाय बाबा. हाकलाय गेलं की बिथरतं. त्येच्या मागं मागं चालायचं." आता गुडघे राहिले नव्हते. बोट विकून पुनर्वसनाच्या गावठाणातल्या दोन खोल्यांवर त्यांना स्लॅब टाकायचा होता. पत्र्याखाली इतके उन्हाळे काढले, आता पुढचा काढायचा नाही, असं त्या म्हणाल्या. आणि साडेचार लाख सांगितले.

आमच्या भागात बैलाचा भाव पोरंसुद्धा सांगतील, पण बोटीचा भाव कुणाला ठाऊक? म्हणून यांनी आधीच धाराशिवहून बसवेश मिस्त्रीला पाठवून इंजिन दाखवून घेतलं होतं, भावही त्यानंच विचारून आणला होता. बसवेश म्हणाला होता, "गुरुजी, अशी नवी घ्यायची तर तुमचं घर विकावं लागेल. साडेचारला देत असल्या तर बोलू नका, उचला." घरात तिघांनी बसून ठरवलं होतं की सव्वाचारपर्यंत जायचं. मिस्त्रीचं बोलणं मीही ऐकलं होतं. बोटीची किंमत मला माहीत होती, हे मी इथं स्पष्ट लिहून ठेवते.

यांनी खाकरून घसा साफ केला. सव्वाचार म्हणणार, तेवढ्यात धुरपताबाईंनी लोकरीची टोपली बाजूला ठेवली.

"एक सांगायचं ऱ्हायलं. आमच्यात जनावर इकताना खोड आदी सांगायची असती, मंग भाव. आमचे हे ह्या डाव्या बाकड्यावरच गेले. जेवले, आडवे झाले, आन उठलेच न्हाईत. कुणी तुमाला मागून सांगावं, त्यापरीस मीच सांगते."

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगायला लाज वाटते. मला आनंद झाला. बाजारात भेंडीला छिद्र दिसलं की जसा होतो, तसा. आमच्या गल्लीत घासाघीस करावी तर सुमननं, असं बायका म्हणतात आणि मला ते आवडतं.

"अगं बाई," मी म्हणाले आणि पदर तोंडाशी नेला. "मग लेकरंबाळं घेऊन कोण बसणार हो यात? नाव पडलं की पडलंच."

"तुमच्यात तसलं मानत न्हाईत म्हनत्यात की, ताई?" त्यांनी सरळ विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या.

आमच्या घरात माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून भूत, बाधा, अपशकुन असले शब्दसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेले नाहीत. सासूबाई ज्या पलंगावर गेल्या त्याच पलंगावर मी रोज झोपते. त्याच दिवशी पहाटे मी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावून पंचशील म्हटलं होतं, खोटं बोलण्यापासून दूर राहीन असं म्हटलं होतं. आणि मी म्हणाले, "मानत नाही हो. पण मनाला कोण समजावणार? आत पाऊल टाकलं तेव्हाच मला कसंतरी झालं. गार वाटलं एकदम."

यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हा गृहीत धरलं की सौदा जमावा म्हणून गप्प आहेत.

धुरपताबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी केबिनच्या दाराकडं पाहिलं, मग पाण्याकडं. "गार वाटलं व्हय," म्हणाल्या. मग टोपली पुन्हा मांडीवर ओढून म्हणाल्या, "मंग तीन द्या. पत्राच ऱ्हाऊ दे घरावर. पर आठ दिस थांबा, काय आसंल तर म्या काढून देते. तुमच्या लेकराला काय व्हाया नगं."

घरी येताना संघपाल खुशीत होता. मीही होते. सव्वाचारची वस्तू तीनला. हिशेबाच्या वहीत मी त्या दिवशी लिहिलं, व्यवहार मनासारखा झाला.

पुढच्या रविवारी बोट ताब्यात घ्यायला गेलो. धुरपताबाई काठावर उभ्या होत्या, मागं केबिन पिवळीधमक. त्या अणदूरला खंडोबाला जाऊन आल्या होत्या. तीन एसट्या बदलून, त्या गुडघ्यांनी, एकट्या. तिथून भंडारा आणला होता, कुणाला तरी विचारून उतारा केला होता, डाव्या बाकड्यावर नारळ फोडला होता. रामलिंग यांचा केबिनीत टांगलेला फोटो काढून पिशवीत घातला होता.

"ताई, आता बघा जाऊन. गार वाटतंय का?"

मी आत गेले. नारळाच्या पाण्याचा वास होता, बाकी काही नाही. "आता नाही वाटत," मी म्हणाले.

त्यांचा जीव भांड्यात पडला. दोन्ही हातांनी माझं तोंड धरून त्यांनी माझ्या कपाळाला भंडारा लावला. मी मागं सरकू शकले असते. आम्ही हे लावत नाही, असं म्हणू शकले असते, त्यांनी ते समजूनही घेतलं असतं. पण तसं म्हटलं की गार वाटल्याचं खोटं तिथंच उघडं पडलं असतं. म्हणून मी मान खाली घालून लावून घेतला. शेजारी नवरा उभा, पोरगा उभा.

परतताना गाडीत संघपाल म्हणाला, "आई, तू लावून घेतलास?"

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिला लावून घ्यावाच लागला. भावच तसा केला होता तिनं." आणि खिशातला रुमाल काढून माझ्या मांडीवर ठेवला. "पूस. संध्याकाळी विहारात वंदना तुझ्याकडं आहे."

वंदना मी घेतली. मुसावादा वेरमणी, म्हणजे खोट्यापासून दूर राहीन, हे म्हणताना माझ्यामागं पंधरा बायका म्हणत होत्या आणि माझा आवाज कुठंच नव्हता. घरी आल्यावर मी यांना म्हणाले, "राहिलेले सव्वा लाख काढा बँकेतून." हे म्हणाले, "काढतो. पण द्यायला मी येणार नाही. तोंड तुझं होतं."

मंगळवारी एकटीच गेले. धुरपताबाई दारात बसून शेंगा फोडत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, मिस्त्री काय म्हणाला होता तेही.

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "म्हंजी गार वाटलंच न्हवतं?"

"नव्हतं."

"जरा बी?"

"जरा पण नाही, धुरपताबाई. भाव पाडायला म्हणाले."

मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चार वर्सं म्या रोज दुपारी त्या बाकड्यावर पाठ टेकली," त्या म्हणाल्या. "त्येंच्या जागंवर. लई निवांत झोप लागायची. कवा काय वाटलं न्हाय. तुमी म्हनला तवा वाटलं, दुसऱ्याच्या बाईला कळलं आन मला घरच्या बाईला कसं कळलं न्हाय? मानूस हितं आडकून पडलंय आन मी त्येच्या उरावर झोपतीय. आठ दिस डोळ्याला डोळा न्हवता माझ्या."

"काही नव्हतं हो तिथं. मी खोटं बोलले."

"आता म्हनता. तवा बी तुमीच म्हनला."

पैसे त्यांनी घेतले. न मोजता, पिशवीसकट. "हे माजेच हायेत, घेते. स्लॅब पडंल." मग उठून आत गेल्या, पाण्याचा तांब्या भरून आणला आणि माझ्यापुढं ठेवला. मी प्याले. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नाही. स्लॅब पडला, घर गार झालं. बोट सुरू करायच्या दिवशी संघपालनं त्यांना मानानं बोलावलं, पहिली फेरी तुमची म्हणाला. त्या काठापर्यंत आल्या. फळीवर एक पाय ठेवला आणि काढून घेतला. "गुडघा दुखतोय," म्हणाल्या. सगळ्यांना खरं वाटलं.

त्यांची लेक शिवकन्या पलीकडच्या काठाच्या गावात दिलेली आहे. बोटीनं पंधरा मिनिटं. संघपाल त्यांच्याकडून तिकीट घेणार नाही हे त्यांना माहीत आहे, तरी त्या एसटीनं धरणाला वळसा घालून जातात, दीड तास. मागच्या बाजारादिवशी मला थांब्यावर भेटल्या. मी म्हणाले, "चला ना बोटीनं, मी येते सोबत."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "वाऱ्याच्या दिवसात ती डाव्या अंगाला वढती. पोराला सांगा, वजन उजवीकडं बसवायचं." तेवढ्यात एसटी आली. चढताना त्यांचा गुडघा अडला, मी मागून हात द्यायला गेले, पण त्यांनी दाराचा दांडा धरला आणि स्वतःच वर गेल्या.