कॉफी सांडली नव्हती

आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट कित्येक वर्षं सांगितली जाते. माझ्या मुलीने कॉलेज सुरू होण्याआधीच नव्या कोऱ्या लॅपटॉपवर कॉफी सांडली आणि त्यापायी तिचं पुण्याचं आर्किटेक्चर राहिलं. ही गोष्ट खोटी आहे. ती मी पसरू दिली.

मी तेव्हा चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या एका संरक्षण कारखान्यात तपासणी खात्यात होतो. आलेला सुटा भाग मोजायचा, बरोबर असला तर शिक्का मारायचा, नसला तर लाल चिठ्ठी लावून तिच्यावर नापास करण्याचं कारण लिहायचं. मूळचे आम्ही साताऱ्याकडचे. नोकरीमुळे चेन्नईला आलो आणि वेस्ट मांबलममधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहिलो. मुलगी एकुलती एक. ती भांडायची तमिळमध्ये, अभ्यास करायची इंग्रजीत, आणि मराठी आम्हा दोघांपुरती राखून ठेवायची.

बारावीनंतर तिला पुण्याच्या कॉलेजात जागा मिळाली. मी कारखान्यात पेढे वाटले. सगळ्यांनी हात मिळवले आणि तिथेच मी अडकलो. तिने जाऊ नये असं मला वाटत होतं, पण पेढे वाटून झाल्यावर ते कोणत्या तोंडाने बोलायचं? बायको तिच्यासाठी चादरी आणि स्टीलचे डबे जमवत होती. मी यादीतल्या वस्तूंवर खुणा करत होतो.

कॉलेजच्या पत्रात लिहिलं होतं, विद्यार्थ्याकडे स्वतःचा लॅपटॉप असावा. म्हणून आम्ही अण्णा नगरच्या एका दुकानात गेलो. तिला एक हलका, पातळ लॅपटॉप आवडला होता. मी जाड आणि वजनदार निवडला, कारण त्याच्यावर तीन वर्षांची वाढीव वॉरंटी मिळत होती आणि बिघाड झाला तर इंजिनिअर घरी येणार होता.

“कुठल्या घरी?” तिने विचारलं.

फॉर्मवर मी मांबलमचा पत्ता लिहिला होता. पत्ता नंतर बदलता येतो, असं मी तिला सांगितलं.

दुकानदार तमिळ होता, समजावून सांगणारा. ही वॉरंटी आतून काही बिघडलं तर आहे, म्हणाला. यंत्र पडलं, फुटलं, आत पाणी गेलं तर त्यासाठी वेगळी योजना घ्यावी लागते. मुलगी मला म्हणाली, तीपण घेऊ या, हॉस्टेलमध्ये एका खोलीत चौघी असणार. मी दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, की यंत्र शिस्तीने हाताळलं की त्याला काही होत नाही.

“सार मिलिटरीत का?” दुकानदाराने तिला विचारलं.

“त्याहून वाईट. इन्स्पेक्शनमध्ये,” ती म्हणाली. दोघंही हसले. वेगळी योजना मी घेतली नाही.

आमच्या कारखान्यात आयुधपूजेच्या दिवशी प्रत्येक लेथला चंदन आणि कुंकू लागायचं, लिंबू ठेवलं जायचं. तीस वर्षांत ती पूजा माझ्या अंगात मुरली होती. लॅपटॉप आल्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी मायलेकी शिंप्याकडे गेल्या होत्या. मी आंघोळ करून सोवळं नेसलो, पाटावर लॅपटॉप ठेवला आणि पूजेला बसलो. झाकणावर कुंकवाचं बोट लावलं. मग वाटलं, मिटलेल्या यंत्राची पूजा म्हणजे दार लावलेल्या देवळाला नमस्कार. म्हणून झाकण उघडलं. पुढे शिऱ्याची वाटी ठेवली, वाटीभोवती पळीने पाणी फिरवलं. उठताना सोवळ्याचा काठ तांब्यात अडकला आणि गंध कालवलेलं पाणी सगळ्या बटणांवर सांडलं.

मी पंच्याने पुसलं. लॅपटॉप पालथा घालून दीड तास पंख्याखाली ठेवला. मग भीत भीत सुरू केला. तो सुरू झाला. मी पाट धुतला, पंचा वाळत घातला. त्या दोघी आल्या तेव्हा मी पेपर वाचत होतो. झाकणावरचं कुंकू बघून मुलगी हसली. “याला नैवेद्यपण दाखवलात?” मी हो म्हणालो. तेव्हा सांगितलं असतं तर एवढ्यावरच मिटलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मैत्रिणींचे फोटो लॅपटॉपवर लावत बसली होती. शेजारी कॉफीचा पेला होता. अचानक पडदा काळा झाला. तिने हाक मारली, मी धावत गेलो. टेबलावर पेल्याखाली कॉफीचा एक गोल डाग होता. तिचं लक्ष त्याच्याकडे गेलं, मग माझ्याकडे.

“कॉफी गेली असेल आत,” मी म्हणालो.

एवढंच. ठरवून बोललो नव्हतो, पण बोललो.

सोमवारी इंजिनिअर घरी आला. बारीक स्क्रू काढून त्याने खालचं झाकण उघडलं. आतल्या हिरव्या पट्टीवर पिवळट पांढरे डाग होते. आत द्रव गेला आहे, हे वॉरंटीत बसत नाही, असं तो म्हणाला. कोणी सांडलं, असं त्याने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मुलीने तमिळमध्ये सांगितलं की तिनेच, कॉफी. त्याने ते झाकण नाकाजवळ नेलं. मग लॅपटॉप उलटून वरच्या झाकणावरचं कुंकू बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. ही कॉफी नाही, गंधाचं पाणी आहे, हे त्याला कळलं होतं. पण मी वयाने मोठा, घर माझं, आणि मुलीने कबूल केलेलं. त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ग्राहकाकडून द्रव सांडला. मी खाली सही केली. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चिठ्ठ्यांवरची कारणं तपासली होती. चुकीचं कारण लिहिणाऱ्या एका पोराला मी एकदा सगळ्यांसमोर रडवलं होतं.

बायकोने रात्री जेवण वाढताना विचारलं, शुक्रवारी पाट ओला कशाने होता? मी खरं सांगितलं. ती पोळी हातात धरून उभी राहिली.

“मग तिला सांगा.”

मी म्हणालो, प्रवेशाचं नक्की झालं की सांगतो.

पण प्रवेशाचं नक्की व्हायच्या आधी मी वेगळंच बोललो. फी भरायची मुदत चार दिवसांवर आली होती. मुलगी सामान बांधत होती आणि प्रत्येक वस्तू दोनदा कपड्यात गुंडाळत होती, एखादी तिच्या हातून फुटेल या भीतीने. मी दारात उभा राहून म्हणालो, “जिला आठवडाभर एक यंत्र सांभाळता आलं नाही, ती हजार किलोमीटरवर एकटी कशी राहणार?”

मला वाटलं, ती भांडेल. तमिळमध्ये चार शब्द सुनावेल. तिने हातातला डबा खाली ठेवला आणि “खरं आहे,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच पुण्याला पत्र लिहून जागा सोडली. चेन्नईतल्या एका कॉलेजात तिने कॉमर्स घेतलं. तीन वर्षं मांबलम स्टेशनवरून गाडीने गेली आली. रोज संध्याकाळी सहाच्या आत घरी असायची. मला हवं होतं तसंच झालं होतं. मी मात्र तिच्याबरोबर एका खोलीत बसू शकत नव्हतो. ती आली की मी भाजी आणायला बाहेर पडायचो.

जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड झालं. मेहुण्याने या प्रकाराची गंमत केली. ठाण्याहून फोन आला की तो विचारायचा, “कॉफीवाली आहे का घरात?” लग्नाकार्यात तिच्या हातात कप दिसला की कोणीतरी ओरडायचं, मोबाइल लांब ठेवा रे. तिच्या स्वतःच्या लग्नात मामाने विहिणीला बजावलं की सून चांगली आहे, पण यंत्राजवळ कॉफी देऊ नका. सगळे हसले. तीही हसली. मी आणि बायकोने एकमेकांकडे बघायचं टाळलं. माझ्यामुळे बायकोही खोट्यात अडकली होती. तीन वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या आजारपणात तिने हा विषय काढला नाही, आणि मीही नाही.

गेल्या महिन्यात मुलगी रविवारची माझ्याकडे आली होती. ती आता अण्णा नगरला राहते. ऑफिसचं काम लॅपटॉपवर घेऊन बसली. मी चहा आणला तर म्हणाली, तिकडे खिडकीत ठेवा, मी उठून पिईन. ऑफिसातही ती टेबलाशी पाणी पीत नाही, लोक चिडवतात, असं तिने सहज सांगितलं. मी कप खिडकीत ठेवला आणि तिथेच उभा राहून सगळं सांगितलं. तांब्या, पंचा, पंखा, इंजिनिअर, सही.

तिने लॅपटॉपचं झाकण मिटलं.

“आईला माहीत होतं?”

“हो.”

“आत्ता का सांगताय?”

मी म्हणालो, मनावर ओझं होतं, आज हलकं वाटतं.

“तुम्हाला हलकं वाटलं,” ती म्हणाली. “मला काय वाटायचं, बाबा? मी अठराव्या वर्षी स्वतःला बेजबाबदार ठरवून बसले. मूल झालं तेव्हा महिनाभर त्याला एकटीने आंघोळ घालत नव्हते.”

चहा गार झाला होता तो तिने मोरीत ओतला, कप विसळला आणि परत येऊन बसली. म्हणाली, हे सगळं लिहून काढा. जे जे हसले त्या सगळ्यांना पाठवायचं. मराठीत लिहा, मामाला इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे. म्हणून मी हे लिहितो आहे.

काल तिने मजकूर वाचला. मी लिहिलं होतं, ‘थोडं पाणी सांडलं.’ तिने ‘थोडं’ खोडलं. बाकी कुठे हात लावला नाही. मग कागद मांडीवर ठेवून तिने विचारलं, “ते पाणी सांडलं नसतं, तर मला पुण्याला पाठवलं असतं?”

मी विचार करायला वेळ घेतला नाही. इतकी वर्षं तोच विचार केला आहे.

“नाही. मी दुसरं काहीतरी शोधलं असतं.”

तिने मान हलवली, जणू हे तिला अपेक्षितच होतं, आणि कागद माझ्याकडे परत दिले.

“तेही लिहा,” म्हणाली.