कोपरा गेलेली जोडकार्डं

पिराजीला बसल्या जागी दम म्हणून नव्हता. चारा संघात कारकून होता खरा, पण पाय सदा दाराकडं. बाहत्तरच्या दुष्काळात संघानं दीडशे गावांच्या सोसायट्यांना जोडकार्डं धाडायचं ठरवलं. अर्ध्या कार्डावर सवाल, ‘गावात जनावरं किती?’, उरलेलं अर्धं जवाबासाठी. शुक्रवारपर्यंत जवाब आला तरच त्या गावाला कडब्याचा ट्रक.

आता जवाबाच्या कार्डावर संघाचा पत्ता दीडशे वेळा हातानं कोण खरडणार! पिराजीनं एकदाच स्टेन्सिल कोरलं, सायक्लोस्टाईलचा दांडा फिरवला, अन् तासाभरात सगळ्या कार्डांवर पत्ता हजर. लई खूश झाला गडी. यंत्राचा चिमटा दर कार्डाचा एक कोपरा तोडत होता, तेही दिसलं त्याला. "अक्षर तर शाबूत हाय ना!" म्हणाला अन् गठ्ठा टपालात टाकून मोकळा झाला.

गुरुवार उजाडला तरी जवाब आले नऊ. पिराजीनं पोस्टात चार हेलपाटे घातले, पोस्टमास्तरशी भांडला, शेवटी सायकल काढून जवळचं ईट गाव गाठलं.

तिथले सेक्रेटरी तात्याराव बाजेवर बसले होते. त्यांच्या बायकोनं, मालनबाईनं, पिराजीला बघताच तोंड सोडलं. "कोपरा फाडलेलं कार्ड मयताचं असतंय, एवढं बी कळंना व्हय तुमाला? आमची जाईबाई तिकडं सासरी, दिवस भरलेली! वाचायची छातीच झाली न्हाय. दारातच फाडलं अन् रडत पळालो लेकीकडं. ती बसलीया भाकरी थापत! आज सकाळी आलो माघारी."

असली कार्डं पिराजीच्याही दारात आली होती की! पण मयताचं कार्ड येतं एकटं. दीडशेचा गठ्ठा हाताळताना ते त्याच्या टाळक्यात शिरलंच नव्हतं.

"चुकलं मामा, लई चुकलं." त्यानं घाईघाईनं पेन्सिल काढली. "आता तोंडानंच सांगा, म्या आकडा घिऊन आत्ताच पोचतो. जनावरं किती?"

तात्याराव रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उठले, पायात वहाणा सरकवल्या.

"सोमवारी इचारलं असतं तर एकशेचाळीस म्हणलो असतो," ते म्हणाले. "आता जगलेली गोठ्यागोठ्यात जाऊन मोजावी लागतील. चला."