वाजणारा ब्रेक

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या मामांचे. वडील गेल्यावर त्यांनी आईला आणि मला भिवंडीजवळच्या शेलार गावी आपल्या घरी आणलं, मला शाळेत घातलं, आणि आमच्या घरातली पहिली पदवी माझ्या हातात आली ती त्यांच्यामुळे. मामा भिवंडीत एका शेठच्या कारखान्यात जॉबर होते. म्हणजे लूम, कापड विणणारा यंत्रमाग, बंद पडला की तो चालू करून देणारा माणूस. त्या शेठनी तरुणपणी घेतलेली एक विलायती मोटरसायकल घरी मोटार आल्यावर मामांना देऊन टाकली होती. माझं कॉलेज कल्याणला, सकाळचं. रात्रपाळीहून आलेले मामा तोंडावर पाणी मारायचे, मला मागे बसवायचे आणि कोन गावावरून कॉलेजच्या फाटकाशी सोडून मग झोपायला घरी जायचे.

गाडी दिसायला देखणी होती आणि थांबायच्या बाबतीत अगदी नालायक. पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर हँडलला टेकायचा आणि गाडी आपली चालतच राहायची. मागचा तर नावालाच होता. मामा दोन्ही पाय रस्त्याला घासून ती उभी करत. पावसाळ्यात कापड रंगवणाऱ्या रंगखात्याचं निळं-लाल पाणी रस्त्यावर आलेलं असायचं, त्यात शेण, कुजलेला कापूस, डिझेल. त्या राड्यातून मामांचे पाय फरफटत जायचे आणि मागे बसलेल्या माझ्या पँटवर ते सगळं उडायचं. मी वर्गात त्या वासासकट बसायचो. मला किळस यायची, पण त्या वासाची तेवढी नाही, जेवढी लोकांच्या बोलण्याची.

"ब्रेक कशाला पायजे? हॉर्न हाय ना!" असं म्हणून लोक हसायचे. समोरून गोदामाचा ट्रक आला की मामा हॉर्न दाबायचे आणि देवाचं नाव घ्यायचे. यालाच सगळे गाडी चालवणं म्हणत.

पुढे मी धुळ्याकडच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञानाचा शिक्षक झालो. पहिल्याच मे महिन्याच्या सुट्टीत ठरवलं, की या गाडीचा पुढचा ब्रेक बदलायचा. तोपर्यंत नव्वदचं दशक लागलं होतं, भिवंडीलगत राहनाळ गावाकडे गोदामं वाढत होती आणि रस्त्यावर ट्रकांची रांग हलत नव्हती.

जुन्या ब्रेकमध्ये चाकाच्या मधल्या ड्रमच्या आत, त्याला घासून थांबवणारे दोन शू असतात, पण त्यातला एकच चाकाच्या फिरण्याबरोबर ओढला जाऊन घट्ट आवळतो. दुसरा नुसता टेकतो. नंतरच्या काही गाड्यांना मोठा ड्रम आणि दोन्ही शू आवळणारी रचना आली. तसा एक हब, म्हणजे ड्रमसकट चाकाचा मधला भाग, मी भंगार बाजारातून आणला आणि गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याच्या तोंडात गुटखा होता.

"मास्टर, इतनी पुरानी गाडी, याला ब्रेक कायको?" तो म्हणाला. "टाकी क्रोम करा. लोक वळून बघतील."

"मला गाडी थांबायला हवी आहे."

"थांबेल ना! पेट्रोल संपलं की थांबेल." असं म्हणून तो हसला आणि बाजूला थुंकला. निम्मी पिचकारी माझ्या हबवर. मी खिशातल्या रुमालाने तो हब पुसला आणि रुमाल तिथेच गटारात टाकला.

चाकाच्या तारा विणून घेणं, पुढच्या फोर्कला नवी पट्टी वेल्ड करणं, हे त्याने केलं. पण दोन्ही शू एकाच वेळी टेकतील अशी जोडदांडी बसवायला तो तयार नव्हता. "चलता है, मास्टर," एवढंच. ती मी त्याच्या मोरीशेजारी उकिडवा बसून स्वतः लावली. कोनच्या उतारावर मामांनी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. मामांचे पाय सवयीने खाली गेले होते, ते रस्त्याला टेकायच्या आतच.

"आयला!" मामा म्हणाले. त्यांचा तो चेहरा बघायला मी कितीही वेळा त्या मोरीशेजारी बसलो असतो.

फक्त तो ब्रेक वाजायचा. शूवरचे लायनर, म्हणजे घासपट्ट्या, नवे होते, ड्रमशी बसायला वेळ लागणार होता. शूच्या कडा मी कानशीने मारल्या, तरी थांबताना किर्रर्र असा आवाज यायचाच. "वाजू द्या," मी मामांना सांगितलं आणि जूनमध्ये शाळेवर परतलो.

गणपतीला घरी आलो तर मामांचा उजवा हात गळ्यात बांधलेला. राहनाळच्या वळणावर उभ्या टेम्पोच्या मागे जाऊन धडकले होते. दारातच मामी म्हणाली, "आला बघा ब्रेकवाला! शिकल्याला ब्रेक, लागलाच न्हाय."

शेजारचे काका ओसरीवर बसून होते. ते म्हणाले, "जुना बरा व्हता. धरत न्हवता, पण धरत न्हाय हे ठावं तरी व्हतं."

मी चाक काढलं. ड्रम उघडला. आत काळा लगदा भरला होता. कारखान्यातल्या कापसाचा तंतू, रस्त्याची धूळ आणि तेल, सगळं मिळून सडल्यासारखं झालेलं. लायनर तेल पिऊन फुगले होते. बोट लावलं तर बुळबुळीत. त्यात एक मेलेलं झुरळ.

"मामा, यात तेल कुठून आलं?"

मामा भिंतीकडे बघत म्हणाले, "वाजत व्हता ना रं. ड्रमला हवेची जाळी हाय ना, तितून जरा सोडलं."

"रोज?"

"कामावर जाताना."

आणि मग मला सगळं कळलं. लूमखात्यात वाजणारी वस्तू म्हणजे जॉबरची बेअब्रू. कुठे किरकिर ऐकू आली की मामा लांब चोचीची तेलाची कुपी घेऊन धावत. उभं आयुष्य त्यांनी असंच काढलं होतं. आता त्यांचीच गाडी कारखान्याच्या दारात किंचाळत थांबायची आणि पाळी सुटलेले कामगार ओरडायचे, "जॉबर साब, आपकी गाडी रो रही है! तेल पिलाओ बेचारी को!" म्हणून मामांनी तिलाही तेल पाजलं.

चूक मामांची होती, पण माझा राग त्यांच्यावर नव्हता. त्या दारातल्या हसणाऱ्यांची मला शिसारी आली. पायाने गाडी थांबवणारा माणूस त्यांना चालत होता, आणि आवाज करून वेळेवर थांबणारा हसण्याजोगा वाटत होता. ओसरीवरच्या काकांचीही आली. ते चहा पिऊन पुन्हा म्हणाले, "जुनं चाक बसव, पोरा."

"बसव," मामाही म्हणाले. "हात बरा झाला की मी आपला पायानं थांबवीन."

मामी म्हणाली, "जुनं चाक लावलं तर गाडी भंगारात जाईल. मीच नेऊन टाकीन."

मी ड्रम पेट्रोलने तीनदा धुतला, नवे लायनर मारून आणले आणि नव्या ब्रेकचंच चाक परत लावलं. जुनं माळ्यावर ठेवलं. मामा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. सुट्टी संपली. शाळेवर पोचल्यावर मी त्यांना हे पत्र पाठवलं:

मामा, नमस्कार.

हाताचं प्लास्टर निघालं की गाडी काढाल, हे मला माहीत आहे. नवा ब्रेक पुन्हा वाजेल. महिनाभर तरी वाजेल. वाजतो आहे तोवर त्याला काही करू नका. दारातली माणसं हसतील. त्यांना हसू द्या. तुम्ही टेम्पोखाली गेलात तर तीच माणसं खांदा द्यायला येतील आणि वाटेत ब्रेकपेक्षा हॉर्न बरा म्हणतील. मला त्यांचा वीट आला आहे.

तुम्ही मला कॉलेजला सोडताना रस्त्याला पाय घासलेत. मी मागे बसून ते रोज बघत होतो. आता ते पाय गाडीवरच ठेवा, एवढंच मागतो.

घरातली तेलाची कुपी शोधत असाल तर शोधू नका, ती मी घेऊन आलो आहे. कारखान्यासाठी शेठकडून दुसरी घ्या, पण ती तिथेच ठेवा. पिशवीत कुपी सांडली आणि माझे दोन्ही शाळेचे शर्ट गेले. धुऊनही वास जात नाही. तरी परत पाठवणार नाही.

मामीला सांगा, जुनं चाक माळ्यावरच आहे, गाडी भंगारात देऊ नको.

तुमचा भाचा