भिंत टेलर्स

आमच्या दुकानावर पाटी आहे, 'भिंत टेलर्स'. नवा माणूस आत डोकावून विचारतो, "पडदे शिवता का हो?" झालं, आमच्या ह्यांना ऊत येतो. "पडदे नाही. भिंत म्हणजे मी!" मग तो बिचारा अडकलाच तासभर. मी आपली कोपऱ्यात काजं करत सगळं पुन्हा ऐकते.

मशीनच्या वर एक फोटो आहे, पेपरातला कापून चौकटीत बसवलेला. फुटबॉलची फायनल, शेवटचं मिनिट, आपण एक-शून्यने पुढे आणि समोरच्यांना पेनल्टी. मारणारा कोण, तर तोफ! त्याच्या किकने म्हणे जाळी फाटायची. फोटोत हे गोलच्या मधोमध उभे, दोन्ही हात कमरेवर, आणि बॉल येऊन छातीवर आदळलेला. तेव्हापासून ह्यांचं नाव भिंत पडलं. "कमरेवर हात ठेवले आणि म्हटलं, मार! हल्लीचे गोलकीपर बघा, माकडं नुसती. आमच्या वेळचा खेळ राहिला नाही." सांगण्याच्या भरात एकदा गिऱ्हाइकाच्या मापात 'कंबर एक-शून्य' लिहून बसले. कपाळ माझं! पण खोटं कशाला बोलू, लग्नाआधी मला हाच फोटो दाखवला होता, आणि मी त्या भिंतीवरच भाळले.

ह्यांची एक खोड मात्र मला कधी कळली नाही. पायजमा असो की हाफ पँट, हे नाड्या दोन घालणार. "एक तुटली तर?" दोन्हींच्या गाठी एकमेकींत अडकतात, ऐन घाईच्या वेळी सुटत नाहीत, आणि मग पोरांच्या आया माझ्याशी भांडायला येतात. पण हे ऐकतील तर शपथ.

परवा सकाळी एक उंच म्हातारे गृहस्थ आले. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने पँट कमरेशी धरलेली. "आजारपणात पार वाळलो हो," म्हणाले, "पट्ट्यानेसुद्धा राहत नाही." मग त्यांची नजर फोटोवर गेली. "अरे! हा तर माझी पेनल्टी अडवणारा!"

म्हणजे हीच ती तोफ! दुकानातली दोन गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. मला वाटलं, आता हे धावत जाऊन मिठी मारतील. तर ह्यांचा चेहरा पांढराफटक, सुई बोटात घुसलेली. चाळीस वर्षं मिरवलं त्यात काहीतरी काळंबेरं आहे आणि ते आता सगळ्यांदेखत बाहेर पडणार, हे मी तिथेच ओळखलं.

पण तोफसाहेब गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले, "असा गोलकीपर पुन्हा झाला नाही. मी धावत निघालो, तर हा माझ्या डोळ्यांत डोळे घालून ओरडला, 'नाही!' माझा पायच लटपटला हो. मारला सरळ ह्याच्या छातीवर. आजही नातवंडांना सांगतो, नाही म्हणावं तर असं."

गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. माझा जीव भांड्यात पडला. आता फक्त गप्प बसून मान डोलवायची. मी ह्यांना डोळ्यांनी खुणावलंसुद्धा.

पण गप्प बसतील तर ते हे कसले! बोट चोखत उठले.

"'नाही' म्हणालो नव्हतो मी."

"मग?"

"नाडी." आवाज अगदी बारीक. "नाडी म्हणालो होतो. तुटली होती. हात सोडले असते तर... सगळं गाव बघत होतं. जरा थांब म्हणून सांगत होतो तुला."

मी फोटोकडे बघितलं. कमरेवर हात कसले, चड्डी मुठीत आवळलेली स्पष्ट दिसत होती! आणि रोज मी तो फोटो पुसते. मॅचनंतर पंधरा दिवसांत हे शिवणकाम शिकायला का बसले, तेही तेव्हाच डोक्यात आलं. असा राग आला म्हणता! पण खाली घातलेली ह्यांची मान बघवेना.

आणि तोफसाहेब हसायला लागले. इतके हसले, की काठी हातातून पडली, पँट घसरायला लागली. घाईघाईने दोन्ही हातांनी ती कमरेशी गच्च धरून, डोळ्यांतून पाणी गाळत उभे राहिले, अगदी त्या फोटोतल्यासारखे.

"भिंत," ते म्हणाले, "मला दोन घाल."