चार बोटं कमी

नव्या लोकलगाड्या कोणत्या कंपनीकडून घ्यायच्या ते ठरवणारी समिती त्या दिवशी नमुन्याचा डबा पाहायला आली होती. मी समितीची टंकलेखिका, झालेल्या बैठकीचं इतिवृत्त लिहिणं माझं काम. साहेब लोक आसनांवर दोन-दोन मिनिटं बसले, दारं उघडून मिटून पाहिली, वजनावर आणि वेगावर बोलले. चहा घेऊन आलेल्या सुमनताईंनी ट्रे आसनावर ठेवला आणि सहज उभ्यानं धरायच्या वरच्या कडीकडे हात नेला. टाचा उचलूनही चार बोटं कमी पडली.

“साहेब, हात पोचत नाही.”

“सरासरी उंचीच्या माणसाला पोचतो, बाई,” अध्यक्ष साहेब म्हणाले.

“मग सरासरीलाच बसवा गाडीत. मी रोज तासभर उभ्यानं येते.”

साहेब कागदांत बघू लागले. मी तो हवेतला हात पाहत राहिले. यांच्यातला एकही जण या गाडीनं कामावर जाणार नाही. कंपन्यांना गुण द्यायच्या यांच्या तक्त्यात बोल्टांनासुद्धा रकाना आहे. टाचा उचलून उभ्या बाईला कुठेच जागा नाही. उद्या धक्क्यानं ती पडली, तर म्हणतील, नीट धरलं नसेल.

हात पोचला नाही, हे मी इतिवृत्तात लिहिलं. साहेबांनी ते खोडलं. म्हणाले, “चहा आणणारी बाई समितीत नाही.” मी पुन्हा टाइप केलं, त्यांनी पुन्हा खोडलं आणि माझ्या बदलीचा विषय काढला.

आता तिसऱ्यांदा टाइप करते आहे. आधी नुसतं ‘एक महिला’ लिहिलं होतं. या वेळी सुमनताईंचं पूर्ण नाव घातलं आहे.